दहा दिवस पुढे

मी उंद्रीच्या अभ्यासिकेतला फळा बोलतोय. जन्मानं मात्र मी फळा नाही, दरवाजा आहे. मलकापूरच्या एका जिनिंगच्या गोदामाला मी चाळीस वर्षं होतो. अस्सल सागाचा, दीड माणूस उंच, आणि सरकी-रुईच्या गाड्या आत-बाहेर करताना कधी कुरकुरलो नाही.

गोदाम पाडलं तेव्हा मला भंगारात टाकलं. तिथून भगवंतराव सरांनी मला उचललं. बिजागऱ्या काढल्या, रंधा मारला, काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि बुद्धविहाराशेजारच्या खोलीत भिंतीला ठोकलं. उभ्याचा आडवा झालो. कडी होती तिथं दोन भोकं राहिली आहेत. त्यांत आता खडू खोचलेले असतात.

भगवंतराव सर शिक्षक नव्हेत. चिखलीच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. माइकवर गाड्या पुकारायचे. इंग्रजी त्यांनी पेपर आणि एक जाडजूड शब्दकोश वाचून स्वतःच्या बळावर कमावलं. निवृत्त झाल्यावर ही अभ्यासिका काढली. संध्याकाळी साडेपाच ते सात, ज्याला यायचं त्यानं यावं. नोकरीच्या परीक्षा देणारी पूनम यायची, काळीपिवळी जीप चालवणारा देवानंद यायचा, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख स्वतः वाचता यावी म्हणून साठीची जनकाबाई यायची. गाद्या भरणारा जब्बार यायचा, तो बहुतेक वेळा अंगाला कापूस लागलेलाच. गोदामाची आठवण होऊन मला तो आवडायचा.

सरांचे दोन नियम होते. पहिला, फळ्यावर लिहायचा इंग्रजी शब्द पुस्तकातून घ्यायचा नाही. गावात आलेल्या कागदातूनच तो आला पाहिजे. खताची गोणी, औषधाची चिठ्ठी, बँकेचा निरोप, काहीही चालेल. दुसरा नियम कडक होता. प्रत्येकानं त्या शब्दाचं एक वाक्य सांगायचं, आणि ते स्वतःच्या आयुष्यातलं, खरं हवं. सगळ्यांची वाक्यं झाल्याशिवाय शब्द पुसायचा नाही. सरांचं वाक्य शेवटचं. एकदा 'रन आउट', म्हणजे संपणं, हा शब्द माझ्या अंगावर नऊ दिवस बसला होता, कारण जनकाबाईच्या घरातलं काहीच संपत नव्हतं. दहाव्या दिवशी तिची साखर संपली आणि मी मोकळा झालो.

सरांना या फिरवाफिरवीच्या क्रियापदांचं फार वेड. ते सांगायचे की इंग्रजीत साधं क्रियापद गाईसारखं गरीब असतं, पण त्याच्यामागे एक छोटा शब्द लागला की ते कुठं जाईल याचा नेम नाही. हे ते दुसऱ्यांना सांगायचे. स्वतःला सांगायचं मात्र राहून गेलं.

तेरा जानेवारीची संध्याकाळ होती. जब्बार मोबाइल हातात घेऊन आला. सोबत त्याची सहा वर्षांची यास्मीन होती. तिच्या काळजाला जन्मतः भोक होतं. चार पावलं धावली की तिचे ओठ निळे व्हायचे आणि ती खाली उकिडवी बसायची. आठ महिने खेटे घातल्यावर मुंबईच्या एका धर्मादाय रुग्णालयानं तिला अठ्ठावीस जानेवारीची तारीख दिली होती. ती हुकली तर पुन्हा नंबर कधी लागेल हे कोणी सांगत नव्हतं, आणि पोरीच्या अंगात किती दम उरलाय तेही कोणी सांगत नव्हतं.

मोबाइलवर इंग्रजीत निरोप आला होता. अठ्ठावीसचं ऑपरेशन दहा दिवस 'ब्रॉट फॉरवर्ड' केलं आहे, एक दिवस आधी दाखल व्हावं. नवी तारीख लिहिलेली नव्हती. ज्या नंबरवरून निरोप आला त्यावर फोन लागत नव्हता.

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, निरोप एकदा वाचला आणि खडू उचलला. माझ्या उजव्या अंगाला त्यांनी मोठ्या अक्षरांत 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहिलं आणि त्याच्यापुढे मराठीत अर्थ लिहिला, 'तारीख पुढे ढकलणे.' अठ्ठावीसमध्ये दहा मिळवले. खाली लिहिलं, सात फेब्रुवारी.

शब्दकोश कपाटात होता. कपाट तीन पावलांवर होतं. पण फॉरवर्ड म्हणजे पुढे, आणि तारीख पुढे गेली म्हणजे लांबली, एवढ्यासाठी शब्दकोश कोण उघडतो? सरांनी जन्मभर माइकवर गाड्या उशिरा धावत असल्याचंच सांगितलं होतं. वेळेआधी आलेली गाडी त्यांनी पाहिली नव्हती.

मला मात्र कळायला हवं होतं. मी दरवाजा होतो. ढकलणं वेगळं आणि ओढणं वेगळं हे मी चाळीस वर्षं अंगावर सोसलंय. 'ब्रिंग' म्हणजे आणणं, हे तर इथं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. वस्तू आणतात ती आपल्याकडे. तारीख आपल्याकडे आणली तर ती जवळच येणार. पण फळ्यावर जे लिहिलं जातं ते फळ्याला खरं मानावं लागतं, आणि मीही मानलं.

जब्बारला तर हायसं वाटलं. जळगाव जामोदला त्याच्या मेहुणीचा निकाह सतरा तारखेला होता. ऑपरेशनच्या धास्तीनं तो जाणार नव्हता. आता बायको नूरजहां आणि यास्मीन दोघींना घेऊन चार दिवस राहून येतो म्हणाला. सरांनीही पोरीच्या डोक्यावर हात ठेवून जा म्हणून सांगितलं.

मग खऱ्या वाक्यांची फेरी सुरू झाली. आता आठवलं की माझ्या लाकडाला वाळवी लागल्यागत होतं. जनकाबाईनं सांगितलं की तिच्या डोळ्यांचं शिबिर ब्रॉट फॉरवर्ड झालं, म्हणजे लांबलं. देवानंदच्या जीपचं पासिंग ब्रॉट फॉरवर्ड झालं होतं. पूनमची परीक्षा तर तीनदा. सगळी वाक्यं खरी होती, कारण या गावात लांबलेल्या गोष्टींना तोटा नाही. सर प्रत्येकाला शाबासकी देत गेले. त्यांचं स्वतःचं वाक्य तेवढं राहिलं. उद्या सांगतो म्हणाले, मग पुन्हा उद्या म्हणाले. म्हणून तो शब्द पुसला गेला नाही. त्यांनी त्या दिवशीच वाक्य सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, आणि ते न घडणं फार वाईट झालं असतं.

सोळा तारखेला पूनम पाचलाच आली. एकटीच. छातीशी परीक्षेचं पुस्तक धरलेलं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि उजव्या कोपऱ्यातलं अक्षर न् अक्षर वाचलं. पुस्तक उघडून पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. खडू घेतला आणि तसाच भोकात परत खोचला.  पुस्तकात सोडवलेला एक प्रश्न होता. शुक्रवारची सभा दोन दिवस ब्रॉट फॉरवर्ड झाली, तर ती कधी होईल? उत्तर होतं, बुधवारी.

अठ्ठावीसमधून दहा गेले की अठरा राहतात. एक दिवस आधी म्हणजे सतरा. म्हणजे उद्या.

सर आले तेव्हा सव्वापाच झाले होते. पूनमच्या बापानं तिचं शिक्षण थांबवलं होतं तेव्हा हेच सर त्यांच्या घरी जाऊन बसले होते. त्या माणसाला तुम्ही चुकलात हे कसं सांगायचं, हे पूनमला कोणत्याच पुस्तकानं शिकवलं नव्हतं. तिनं पुस्तक पुढे केलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

सरांनी वाचलं. मग हसले.

"पोरी, पुस्तकं काय, कोणीबी छापते. पुस्तकही चुकते."

"सर, कपाटातला शब्दकोश पाहता का?"

"काऊन? मले येत नाही का एवढं?"

एवढ्यात देवानंद आणि जनकाबाई आले. खोलीत काहीतरी बिनसलंय हे दोघांनाही दारातच कळलं, आणि यास्मीनला उद्याच मुंबईत दाखल व्हायचंय हे पूनमनं त्यांना हळूच सांगितलं. सर रागारागानं कपाटाकडे गेले. शब्दकोश काढला, पानं उलटली. एका पानाशी थांबले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तेच पान पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती पाठ मी इतकी वाकलेली कधी पाहिली नव्हती.

मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी डस्टर उचललं.

खरं सांगतो, मला त्या क्षणी सरांची भीती वाटली. ज्यानं मला भंगारातून उचललं, रंग दिला, त्याची भीती वाटावी याचं वाईटही वाटलं. एक हात फिरवला की सगळं साफ. मग जब्बारला फोन करून सांगायचं की दवाखान्याचा नवा निरोप आलाय, तारीख बदलली. कोण तपासणार होतं? खोलीतलं कोणी बोललं नसतं. मी तर बोलूच शकत नाही. डस्टर माझ्या अंगाला टेकलं. अर्थाच्या पहिल्या अक्षराची कड थोडी पुसलीही गेली.

"सर, मलकापूरले सव्वानऊची गाडी हाय मुंबईची," देवानंद हळूच म्हणाला. "जीप उभी हाय बाहेर."

सरांनी डस्टर खाली ठेवलं आणि मोबाइल काढला.

फोन लागेना. पहिल्यांदा बंद, दुसऱ्यांदा क्षेत्राबाहेर. सर खोलीत येरझाऱ्या घालत होते. पूनम घड्याळाकडे पाहत होती. उंद्रीहून मलकापूर दोन तासांचा रस्ता, आणि जळगाव जामोदहूनही दीड तास तरी हवाच. सहा वाजले, सहा वीस झाले. जनकाबाईनं न सांगता सगळ्यांना पाणी दिलं, पण कोणी प्यायलं नाही. अकराव्या वेळेला घंटी वाजली. सरांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. लग्नघरातला गलका खोलीभर पसरला.

जब्बार खुशीत होता. यास्मीनच्या हाताला मेंदी लावणं चाललंय म्हणाला, हात हलवत नाही म्हणून सगळ्या बाया तिचं कौतुक करत होत्या. सरांनी ते ऐकून घेतलं आणि बोलायला सुरुवात केली.

"जब्बार, ते दवाखान्यानं…"

आणि थांबले. 

"काय झालं सर? पुन्हा तारीख बदलली का?" जब्बार म्हणाला. "बदलू द्या. तीन हप्ते हायेत ना अजून. उद्या निकाह होऊन जाऊ द्या, परवा येतो मी. मग पाहू निवांत."

सर भिंतीला टेकले. एक हात माझ्या कडेवर ठेवला. 

"दवाखान्यानं काहीच बदललं नाही. म्या चुकलो, जब्बार. म्या तुले उलटं वाचून दाखवलं. तारीख लांबली नाही, अलीकडं आली. अठराले ऑपरेशन हाय. उद्या सकाळी पोरीले घेऊन तिथं हजर व्हा लागते."

पलीकडे गलका तसाच चालू होता, पण जब्बार त्यात नव्हता.  मी दरवाजा असताना लोक माझ्यापाशी येऊन आत जावं की न जावं असे उभे राहायचे, तशी ती शांतता होती.

"फाईल घरी हाय," जब्बार म्हणाला. "लोखंडी पेटीत. चावी शेजारी हाय."

"फाईल मी मलकापूर स्टेशनले आणतो, सव्वानऊच्या गाडीवर. तू निघ."

यास्मीनच्या सगळ्या तपासण्यांचे कागद त्या फाईलमध्ये होते. त्याशिवाय तिला कोणी दाखल करून घेतलं नसतं. देवानंद जीपकडे धावला. सर दारापर्यंत गेले आणि पूनमकडे वळून म्हणाले, "ते पुसू नको." जीपचा आवाज विहाराच्या वळणावर गेला आणि मग ऐकू येईनासा झाला.

तुम्हाला वाटत असेल, फळ्याला काय, भिंतीला टांगून घ्यायचं आणि बघत राहायचं. पण ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. चूक सरांची होती, पण लिहिलेली माझ्यावर होती. तीन दिवस मी ती सगळ्यांना दाखवत उभा होतो. 'सात फेब्रुवारी' ही अक्षरं अंगाला अशी चावत होती की पुन्हा रंधा मारला असता तरी चाललं असतं.

बातमी दुसऱ्या दिवशी देवानंदकडून कळली. खामगावच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि तिथं जीप पंचवीस मिनिटं अडकली. मलकापूरला पोचले तेव्हा गाडी फलाटावर उभी होती. अडुसष्ट वर्षांचे सर फाईल उराशी धरून जिन्यावरून धावले. जब्बार डब्याच्या दारात होता. मेंदीचे हात पसरून यास्मीन आईच्या कडेवर होती. जब्बारनं फाईल घेतली. सलाम केला नाही. सर काहीतरी बोलायला गेले, तोवर गाडी हलली होती.

अठराला ऑपरेशन झालं. नीट झालं. पाहुणा डॉक्टर ठरल्यापेक्षा आधी आला होता म्हणून तारखा अलीकडे घेतल्या होत्या, आणि पंचवीसला तो परत गेला, हेही मागाहून कळलं. सात फेब्रुवारीला पोचले असते तर तो तिथं नसताच.

सर मात्र अभ्यासिकेत यायचे बंद झाले. गावात टवाळखोरांची कमी नसते. पानाच्या ठेल्यावर त्यांचं नावच पडलं, दहा दिवस पुढे सर. जनकाबाई एकदा घरी जाऊन त्यांना बोलावून आली, पण गुडघा दुखतो म्हणाले. वर्ग पूनम घेऊ लागली. ती छान शिकवते, शब्दकोश टेबलावर उघडा ठेवून शिकवते. माझ्या उजव्या कोपऱ्यातल्या त्या शब्दाभोवती तिनं खडूनं चौकट आखली. चुकीच्या अर्थावर रेघ मारून खाली खरा अर्थ लिहिला, 'ठरलेली वेळ अलीकडे आणणे.' सगळ्यांनी पुन्हा नव्यानं वाक्यं सांगितली. या खेपेला वाक्य मिळायला फार दिवस लागले, कारण अलीकडे आलेली गोष्ट कोणाला चटकन आठवेना. शेवटी एक वाक्य उरलं, सरांचं. नियम तो नियम. चौकट तशीच राहिली आणि मी उरलेल्या अंगावर बाकीचे शब्द मिरवत राहिलो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वर्ग चालू असताना जब्बार आला. सोबत यास्मीन. ती रस्त्यावरून खोलीपर्यंत धावत आली. मी तिच्या ओठांकडे पाहिलं. ते पोरींचे असतात तसे होते.

त्याच्या हातात रुग्णालयाचा कागद होता, पुढच्या औषधांचा आणि तपासण्यांचा. पूनमनं हात पुढे केला. जब्बारनं कागद मागे घेतला.

"सरले बोलवा."

"मी वाचते ना भाऊ."

"तू बराबर वाचशील, मले मालूम हाय. पण सरले बोलवा." त्यानं माझ्यावरच्या चौकटीकडे बोट केलं. "त्या दिवशी सर म्हणाले असते का दवाखान्यानं तारीख बदलली, तं मी नसतो निघालो पूनम. म्हटलं असतं, आज बदलली, उद्या अजून बदलतील. निकाह होऊ दिला असता. सर चुकलो म्हणाले म्हणून मी उठलो."

सरांना आणायला देवानंद गेला. ते आले, पण दारातच उभे राहिले. स्वतः काढलेल्या अभ्यासिकेत येऊ का म्हणून विचारणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. यास्मीननं त्यांचा हात धरून आत ओढलं. ते माझ्यासमोर आले, भोकातला खडू काढला आणि चौकटीत आपलं राहिलेलं वाक्य लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, मग जब्बारसाठी मोठ्यानं मराठीत वाचलं. यास्मीनचं ऑपरेशन दहा दिवस अलीकडे आणलं होतं आणि मी तिच्या बापाला ते लांबलं म्हणून सांगितलं. 

मग जब्बारनं यास्मीनला काखेत धरून जपून वर उचललं, आणि तिनं डस्टरनं ती चौकट पुसली. खडूची भुकटी तिच्या नाकात गेली आणि ती खळखळून हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझा उजवा खांदा हलका झाला.

माझी आता एवढीच विनंती आहे. तुमच्यापुढे कोणी विश्वासानं कागद धरला तर एकदा कपाटापर्यंत जा. तीन पावलं असतात, फार नाही. मी सागाचा आहे, अजून चाळीस वर्षं लिहून घेईन, चुका झाल्या तर त्याही घेईन.

सरांनी कागद हातात घेतला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले. पाचव्या ओळीवर बोट थांबलं.  सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि जब्बारकडे पाहिलं.

"हे मले माहीत नाही," ते म्हणाले. "पूनम, शब्दकोश आण बरं."

"पाहा सर, आरामशीर पाहा," जब्बार म्हणाला, आणि यास्मीनला मांडीवर घेऊन माझ्याखाली भिंतीला टेकून बसला.